पाठमोरी माणसं

बर्मिंगहॅमच्या ज्या हॉस्पिटलात मी माझी उमेदीची वर्षं घालवली, तिथे तळमजल्यावर एक लांबलचक कॉरिडॉर होता आणि त्या कॉरिडॉरमध्ये दर बुधवारी माणसांना अंडरपँटवर चालायला लावत. चालवणारा प्रोफेसर जर्मन होता. न्यूरॉलॉजीत त्याचं नाव एवढं मोठं होतं, की दूरदूरच्या देशांतून डॉक्टर हा कॉरिडॉर बघायला यायचे. तोंडावर मी त्याला ‘सर’ म्हणायचे आणि घरी ‘तो म्हातारा’. इथे ‘तो’ म्हणते आहे ते अनवधानाने नव्हे. माणसाचा आदर असा एका अक्षरात काढून घ्यायची सोय इंग्रजीत नाही, मराठीत आहे, आणि ती मी सोडणार नाही.

त्याचा शोध सांगायला सोपा आहे. मेंदूचे काही आजार रक्तात किंवा एक्सरेत दिसायच्या कितीतरी आधी माणसाच्या चालण्यात दिसतात, हे त्याने दाखवून दिलं. स्कॅनची मशिनं यायच्या आधीपासून तो पेशंटच्या चालण्याच्या फिल्म घेत होता, आणि सगळ्या पाठीमागून. पेशंट दाराशी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा, दुसऱ्या टोकाच्या खिडकीपर्यंत चालत जायचा, आणि परत यायला वळू लागला की म्हातारा बोट वर करायचा. कॅमेरा बंद. ‘तोंड खोटं बोलतं,’ तो म्हणायचा. ‘कॅमेरा दिसला की माणूस हसतो, पोट आत घेतो. पाठीला अभिनय येत नाही.’ आणि वळल्यावर का नको? तर चेहरा दिसला की डॉक्टर दया करायला लागतो, म्हणून.

त्यानंतर ओढायची टेस्ट. पेशंटच्या मागे उभं राहून त्याचे दोन्ही खांदे अचानक मागे ओढायचे. धडधाकट माणूस एक पाऊल मागे टाकून सावरतो. ज्याचा मेंदू बिघडलाय तो पाऊल न टाकता सरळ फळीसारखा मागे येतो. त्याला झेलायला कुणीतरी लागतं. त्या कामावर माझी नेमणूक होती. ओढायचं मी, झेलायचं मी, आणि समोर उभं राहून निदान सांगायचं त्याने.

पहिल्या बुधवारी मी साडीवर पांढरा कोट घालून गेले होते. मिरजेत मी तशीच जायचे. त्याने चष्म्यावरून माझ्या पायांकडे पाहिलं आणि विद्यार्थ्यांसमोर विचारलं, ‘पेशंट पडेल तेव्हा हे कापड पायात येईल. कुणाचा पाय मोडलेला चालेल तुला, त्याचा की तुझा?’ पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून मी पँट घालायला लागले. सासूबाईंना पाठवायचे फोटो मात्र साडीतलेच काढायचो.

एका बस ड्रायव्हरची गोष्ट सांगते, म्हणजे बुधवार म्हणजे काय ते कळेल. भला थोरला माणूस, पाठीवर लाल पुटकुळ्या, अंगावर निळी अंडरपँट. फेब्रुवारी होता आणि कॉरिडॉरचे हीटर बंद ठेवलेले होते, कारण थंडीत स्नायू लपवाछपवी करत नाहीत असं म्हाताऱ्याचं मत होतं. ड्रायव्हर खिडकीपर्यंत गेला, परत आला. मी मागे उभी राहिले आणि खांदे ओढले. तो आला की अंगावर! मी गुडघ्यात वाकून कसंबसं त्याला धरलं. त्याचं सगळं ओझं माझ्या छातीवर, आणि म्हातारा समोर उभा राहून विद्यार्थ्यांना सांगतोय: ‘हा मागे पडत राहील. मग डोळे खाली वळेनासे होतील. जिन्याची पायरी दिसणार नाही, ताटातलं अन्न दिसणार नाही. मग गिळता येणार नाही. थोडी वर्षं. औषध नाही.’

ड्रायव्हरने मान वर करून मला विचारलं, ‘तो माझ्याबद्दल बोलतोय का, लव्ह?’ तिकडे कुणाही बाईला असंच म्हणतात.

‘तुमच्याबद्दलच,’ म्हातारा म्हणाला. ‘आजपासून बस बंद.’

मी त्याला पडद्यामागे नेलं. त्याला शर्टाची बटणं लावता येईनात, तीही मीच लावली. बाहेर बाकावर त्याची बायको सँडविचचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाटत होतं, कंबरेत उसण भरलीय.

मी तशी गप्प बसणारी नाही. क्लास सुटल्यावर मी म्हाताऱ्याला गाठलं आणि विचारलं, हे खोलीत बसवून, बायकोला बोलावून सांगता आलं नसतं का? तो म्हणाला, ‘खोलीत डॉक्टर गोड बोलतो. चार लोकांसमोर खोटं बोलता येत नाही. तो माणूस उद्या सकाळी शाळेच्या पोरांनी भरलेली बस चालवणार होता.’ त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं.

आमच्याकडची पद्धत अगदी उलट. माझ्या थोरल्या काकांना कॅन्सर झाला, तेव्हा डॉक्टरांनी ते वडिलांना व्हरांड्यात नेऊन सांगितलं आणि काकांना सांगितलं, जरा हवापालट करा. काका महाबळेश्वरला जाऊन आले. घरातल्या मोलकरणीलासुद्धा ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते काकांना. मरायच्या आदल्या आठवड्यात ते नव्या चपलेचं माप देत होते आणि आम्ही सगळे ‘छान दिसेल’ म्हणत होतो. हेसुद्धा क्रौर्यच की. पण ते आपलं, सवयीचं, म्हणून त्याचा त्रास होत नाही.

म्हातारा क्लासमध्ये एक केस वर्षातून एकदा तरी सांगायचा. फिल्म नव्हती, फळ्यावर खडूने पाठ काढायचा. पन्नाशीच्या आतला पुरुष, ओव्हरकोट, डोक्यावर हॅट. रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवरून दूर चालत जातोय. उजवा हात हलतो, डावा हलत नाही. निदान? आम्ही सांगायचो: पार्किन्सन, अगदी सुरुवात. ‘बरोबर. पेशंटला माहीत नव्हतं. गाडीच्या खिडकीतून मुलाने बघितलं, पण मुलगा तेव्हा शाळकरी होता, त्याला कळलं नाही.’ कुणीतरी विचारायचं, पुढे काय झालं? ‘आजार वाढायला वेळ मिळाला नाही,’ एवढं म्हणून तो फळा पुसायचा.

त्याच्या निवृत्तीच्या चहाला त्याच्या बायकोने मला सांगितलं की प्लॅटफॉर्मवरचा तो माणूस त्याचा बाप. ती इंग्लिश होती, पूर्वी त्याच हॉस्पिटलात नर्स होती. काकडीचं सँडविच हातात धरून ती अगदी हवापाण्याच्या सुरात बोलत होती. ज्यू म्हणून मुलाला शाळेतून काढलं, तेव्हा आईबापांनी त्याला एकट्याला गाडीत बसवून इकडे पाठवलं. ते दोघं मागे राहिले आणि मारले गेले. इथे आल्यावर लढाईत याच देशाने त्याला शत्रूचा माणूस म्हणून एका बेटावर डांबलं. सुटल्यावर त्याने हॉस्पिटलात प्रेतांच्या गाड्या ढकलायचं काम केलं, मग डॉक्टर झाला. लंडनने त्याला दारात उभं केलं नाही, म्हणून तो बर्मिंगहॅमला आला आणि तळमजल्यावरच्या, कुणाला नको असलेल्या कॉरिडॉरमध्ये त्याने हे सगळं उभं केलं.

हे ऐकून मला त्याची कणव यायला हवी होती. आली नाही, कारण त्याच्या आदल्याच महिन्यात त्याने माझं वाटोळं केलं होतं.

तिथे सीनियर रजिस्ट्रारची एक जागा निघाली होती. ती मिळाली की न्यूरॉलॉजीत कन्सल्टंट व्हायचा रस्ता मोकळा. ती मिळणं म्हाताऱ्याच्या एका शब्दावर होतं. मी त्याच्या खोलीत गेले. त्याने बस म्हटलं नाही. म्हणाला, ‘तुझी नजर माझ्या त्या वयातल्या नजरेपेक्षा चांगली आहे. पण मी तुझं नाव सुचवणार नाही. इथला पेशंट तुला झेलू देईल, पण शेवटचा शब्द तुझ्या तोंडून ऐकून घेणार नाही. तुझा रंग बघेल, उच्चार ऐकेल आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल. मग तू गोड बोलायला लागशील. गोड बोलणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत.’

मी म्हटलं, ‘सर, तुमचा उच्चार तरी कुठे इथला आहे?’

‘म्हणूनच मला माहीत आहे,’ तो म्हणाला आणि पुढ्यातले कागद वाचायला लागला.

ज्याला स्वतःला सगळ्यांनी दारं लावली, त्यानेच माझ्या तोंडावर दार लावलं. मी घरी आले आणि भांडी घासता घासता मराठीतल्या जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. नवरा भूल देणारा डॉक्टर, स्वभावानेही तसाच. म्हणाला, ‘अगं, लीव्ह इट ना आता. जिरिॲट्रिक्सला अप्लाय कर. तिथे आपल्या लोकांना कन्सल्टंटशिप लगेच देतात. गोऱ्यांना ते नकोच असतं. लंडनजवळ पिनरला बघ, आपले निम्मे डॉक्टर तेच करतायत आणि हॅपी आहेत.’

‘मला म्हाताऱ्या माणसांची लघवी मोजायची नाहीये,’ मी म्हटलं.

‘मग काय करणारेस? मॉर्गेज आहे, पोरीची नर्सरी आहे. बी प्रॅक्टिकल.’

म्हणून मी जिरिॲट्रिक्सला गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, विटांच्या जुन्या इमारतीत, वृद्धांचे वॉर्ड होते. काही वर्षांनी कन्सल्टंट झाले. आणि पहिलं काय केलं असेल, तर लाँड्रीशेजारचा पॅसेज मागून घेतला, एक व्हिडिओ कॅमेरा मिळवला आणि पेशंटना पाठीमागून चालवायला सुरुवात केली. इतकी चीड असलेल्या माणसाचीच पद्धत का उचलली, असं कुणी विचारेल. पद्धत चांगली होती म्हणून उचलली. मी फक्त हीटर चालू ठेवायचे.

नव्वदनंतर कधीतरी म्हाताऱ्याच्या बायकोचा फोन आला. तो घरात पडतोय. दोनदा जिन्यावरून मागच्या मागे गेला, एकदा बागेत. म्हणतो, गुडघे गेलेत. गाडी अजून चालवतो, काढून घेतली तर घर डोक्यावर घेतो. मी विचारलं, त्याच्या स्वतःच्या डिपार्टमेंटमध्ये दाखवलं नाही का? सगळे त्याचेच विद्यार्थी आहेत तिथे.

‘दाखवलं,’ ती म्हणाली. ‘सगळे त्याला सर म्हणतात, चहा देतात आणि वयोमानाने होतं असं म्हणतात. बाहेर आल्यावर माझ्याशी मात्र नजर मिळवत नाहीत. तुम्हाला तो आवडत नाही. म्हणून तुम्हाला फोन केला.’

इतकं नेमकं आजवर मला कुणी ओळखलेलं नव्हतं.

तो आला. दारातच नाक उडवून म्हणाला, ‘तुझ्या डिपार्टमेंटला कोबी आणि लघवीचा वास येतो.’ पण कॅमेरा बघून खूश झाला. कपडे स्वतःच काढले, दाराशी स्वतःच उभा राहिला. ‘घे फिल्म. गुडघे आहेत, बाकी काही नाही.’ तो चालला, आणि तो अर्ध्यावर जायच्या आधीच मला कळलं. बस ड्रायव्हरचाच आजार. मान ताठ, हात लाकडासारखे, आणि सगळं अंग मागे रेललेलं. खिडकीशी पोचल्यावर त्याने नेहमीसारखं बोट वर केलं. मी कॅमेरा चालूच ठेवला होता. का ठेवला, तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

ओढायची टेस्ट त्याने करू दिली नाही. ‘गुडघ्यांना ती लागत नाही.’ कपडे घालून बसल्यावर मी त्याला आजाराचं नाव सांगितलं. तो हसला. अगदी प्रेमाने हसला, हे सगळ्यात वाईट. ‘तू झेलतेस छान,’ तो म्हणाला. ‘शेवटचा शब्द तुझं काम नाही, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं.’ आणि बायकोला म्हणाला, ‘चल, गाडी मी चालवतो.’

रात्रभर अंगाचा तिळपापड झाला म्हणायला हरकत नाही. पण नुसता राग असता तर मी गप्प बसले असते. त्या घराचा जिना उभा आणि अरुंद होता आणि ती बाई चिमणीएवढी होती. तो पडला असता तर तिला घेऊन पडला असता, आणि गाडीत असता तर आणखी कुणाला तरी. त्याला सांगायलाच हवं होतं, आणि सांगून तो ऐकत नव्हता. साऱ्या इंग्लंडात ज्याचं निदान त्याने मानलं असतं असा एकच डॉक्टर होता.

मी त्याच्या बायकोला फोन केला आणि म्हटलं, पुढच्या बुधवारी त्याला घेऊन या. सांगा, एका अवघड पेशंटच्या टेपवर मला त्याचं मत हवंय.

तो बो टाय लावून आला. माझ्या छोट्या खोलीत टीव्हीसमोर त्याला बसवलं, शेजारी त्याची बायको.

‘सर, हा पेशंट म्हणतो त्याचे गुडघे गेलेत. तुम्हाला काय वाटतं?’

‘पेशंट गाढव असतो. लाव.’

मी टेप लावली. पडद्यावर एका म्हाताऱ्याची उघडी पाठ आली, मणके वर आलेले, कातडीवर तपकिरी डाग. ती दूर जायला लागली. स्वतःची पाठ कुणी पाहिलेली असते? शिंप्याने पाहिलेली असते, बायकोने पाहिलेली असते. त्याच्या बायकोने पहिल्याच क्षणी पर्स घट्ट धरली. पेशंटांच्या पाठी बघण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि आपणही त्यांच्यात असू असं त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तो पुढे वाकून बघत होता. डोळे चमकत होते.

‘मान बघ,’ तो म्हणाला. ‘खांदे बघ. मागे रेलतोय. गुडघे उत्तम आहेत, पुन्हा गुडघ्यांचं नाव काढू नकोस. हा मागे पडतो. पडलाय का?’

‘तीनदा.’

‘अजून पडेल. जिना आहे घरात?’

‘आहे.’

‘जिन्यातच मरेल. तसा नाही मेला तर डोळे जातील, मग गिळणं जाईल. गाडी चालवतो?’

‘चालवतो.’

‘कोण चालवू देतं त्याला?’ तो ओरडलाच. ‘त्याच्या डॉक्टरांना तुरुंगात घातलं पाहिजे. सांगितलं का कुणी त्याला?’

‘मी सांगितलं, सर. तो ऐकत नाही.’

‘म्हणजे तुला सांगता आलं नाही.’

पडद्यावरचा माणूस खिडकीशी पोचला. खुर्चीतल्या माणसाने सवयीने बोट वर केलं. ‘पुरे. बंद कर.’

रिमोट माझ्या हातात होता. मी तो मांडीवर ठेवला. पडद्यावरचा माणूस खिडकीच्या कठड्याला धरून वळायला लागला. जमिनीला पाय चिकटल्यासारखी बारीक बारीक पावलं, एक खांदा, मग कान, मग तोंड. त्याचं स्वतःचं तोंड. बोट वर केलेलं.

शेजारी लाँड्रीची मशिनं चालू होती. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तो उचलून तिच्या मांडीवर परत ठेवला. टेप संपून पडदा निळा झाला तरी तो बघत होता.

मग म्हणाला, ‘कॅमेरा खाली आहे. खांद्याच्या उंचीवर हवा.’

‘हो, सर.’

‘ओढायची टेस्ट राहिलीय.’

‘तुम्ही करू दिली नव्हती.’

‘त्याशिवाय निदान पुरं होत नाही. एवढं तरी शिकली असशील.’ तो खुर्चीचे हात धरून उठला. उठायला त्याला फार वेळ लागला आणि आम्ही दोघींनी मदत केली नाही, कारण त्याने चालवून घेतली नसती. कोट काढून बायकोकडे दिला. टीव्हीकडे तोंड करून उभा राहिला. ‘मागे उभी राहा,’ मला म्हणाला.

मी जाऊन उभी राहिले. अनेक वर्षं तिथेच उभी राहिले होते. खांद्यांवर हात ठेवले आणि ओढलं.

त्याने एकही पाऊल टाकलं नाही. सरळ आला. मी बस ड्रायव्हर झेललेले आहेत, तेवढ्या ओझ्याची तयारी ठेवली होती, आणि अंगावर आलं ते फार हलकं होतं. त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली टेकलं. केसांना साध्या साबणाचा वास येत होता. तोंड छताकडे.

‘सांग,’ तो म्हणाला. ‘मोठ्याने.’

मी सांगितलं. नाव सांगितलं. डोळे, ताट, जिना, गिळणं, थोडी वर्षं, औषध नाही, आजपासून गाडी बंद. त्याच्याच शब्दांत, त्याच्याच क्रमाने, त्याच्या बायकोसमोर, आवाज जराही खाली न आणता. हे सगळं त्याला तोंडावर ऐकवायचं माझ्या मनात कधीपासून होतं. ते करताना मला आनंद झाला. थोडा वेळ झाला, खोटं कशाला सांगू. मग माझ्या हातांना त्याचं अंग थरथरताना लागलं आणि तो आनंद कुठच्या कुठे गेला.

‘बरोबर,’ तो म्हणाला, परीक्षेत म्हणायचा तसंच. आणि मग, ‘आता सोड.’

सोडलं असतं तर तो पडला असता. त्यालाही ते माहीत होतं. म्हणून मी त्याला तसाच धरून उभी राहिले, आणि त्याची बायको कोट खाली ठेवून खुर्ची पुढे सरकवेपर्यंत वाट बघितली.